आधी काम पाहा, मग कमांड

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. घर दौलताबादला, काम वाळूजला. शिक्षण मराठी माध्यमातलं, पुढे आयटीआय, आणि संगणकाची ओळख एमएस-सीआयटीपुरती. माऊस धरायचा, चित्रावर क्लिक करायचं, वर्डमध्ये अर्ज टाइप करायचा, एवढंच येत होतं. तेवढ्या शिदोरीवर सर्व्हर रूममध्ये शिरलो तर समोर लिनक्सचा काळा पडदा. क्लिक करायला काहीच नाही. जे हवं ते लिहून मागायचं.

आता रविवारी गावातल्या मुलांना कमांड लाइन शिकवतो. शिकवताना मागे वळून पाहिलं की कळतं, मला यातून मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे स्वतःचं काम नीट पाहायची सवय. जे काम पायरी-पायरीनं शब्दांत सांगता येतं, ते यंत्राकडून करून घेता येतं. जे सांगता येत नाही, ते आपल्यालाच अजून पुरतं कळलेलं नसतं. शेल स्क्रिप्टिंगनं, म्हणजे कमांड फाइलमध्ये लिहून ठेवण्यानं, हे माझ्या मनावर इतक्या वेळा ठसवलं, की आता संगणकाबाहेरच्या कामातही मी तसाच विचार करतो.

मला शिकवणारे वरिष्ठ मोजकं बोलायचे. सुरुवातीला त्यांनी कागदावर तीन प्रश्न लिहून दिले : मी कुठे आहे? इथे काय आहे? मला कुठे जायचं आहे? पहिल्याचं उत्तर ‘पीडब्ल्यूडी’, दुसऱ्याचं ‘एलएस’, तिसऱ्यासाठी ‘सीडी’. काही दिवस याशिवाय काही शिकवलं नाही. नुसतं फिरायचं, प्रत्येक फोल्डरमध्ये काय आहे ते पाहायचं, आणि कशालाही हात लावायचा नाही. तेव्हा कंटाळा यायचा. पण त्या फिरण्यानं सर्व्हरची भीती गेली. सेटिंगच्या फाइल कुठे असतात, लॉग कुठे साठतात, वापरणाऱ्यांची घरं कुठे असतात, हे पायाखालच्या रस्त्यासारखं झालं.

फाइलचा पत्ता दोन प्रकारे सांगता येतो, आणि नवशिक्यांचा सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. आमच्या मुलांना मी हा फरक दौलताबादच्या देवगिरी किल्ल्यावरून समजावतो. देवगिरीवर जायचं तर महाकोटाच्या दरवाजातून आत शिरायचं, चांदमिनार मागे टाकायचा, काळाकोट ओलांडायचा, खंदकावरचा पूल पार करायचा, अंधारी वाट चढायची, मग बारादरी. महाकोटापासून सांगितलेला हा रस्ता ऐकणारा कुठेही उभा असला तरी बरोबरच राहतो. लिनक्समध्ये तिरप्या रेघेनं, म्हणजे ‘रूट’पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता तो हाच. पण कुणी म्हणालं, ‘इथून वर चढ आणि पुढे जा’, तर सांगणारा आणि ऐकणारा एकाच जागी उभे असायला हवेत. तो सापेक्ष पत्ता. दोन टिंबं म्हणजे एक टप्पा मागे. लहानपणापासून किल्ला चढलेल्या मुलांना हे एकदा सांगितलं की पुरतं.

दुसरी गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागला : काम झालं की कमांड काहीच बोलत नाही. ‘सीपी’नं फाइलची प्रत केली, पडद्यावर एक अक्षर नाही. ‘झालं’ असं सांगणारी खिडकी नाही, हिरवी खूण नाही. ही रीत लिनक्सच्या आधीच्या युनिक्स प्रणालीतून आली. युनिक्स १९६९मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून आकाराला येऊ लागलं, तेव्हा उत्तरं टेलिप्रिंटरवर कागदावर छापून यायची. तिथे प्रत्येक जादा शब्दाला वेळ लागायचा. म्हणून कमांडची नावं दोन-तीन अक्षरी, आणि यश मुकं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिनक्स सुरू केलं, त्याच्या दोन वर्षं आधी ब्रायन फॉक्स यांनी ‘बॅश’ हा शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, लिहिला होता. दोघांनीही ही जुनी रीत पाळली. कमांड बोलली, तर काहीतरी अडलंय असं समजायचं आणि ती काय म्हणते ते अक्षरशः वाचायचं. त्रुटीचा संदेश न वाचता तीच कमांड पुन्हा पुन्हा मारणारी माणसं मी खूप पाहिली. संदेशात बहुधा तीन गोष्टी असतात : कोण बोलतंय, कशाबद्दल बोलतंय आणि काय अडलंय. एवढं वेगळं काढता आलं की अर्धं काम होतं.

माझ्या शिकण्याला खरं वळण मिळालं ते एका प्रेस शॉपमध्ये. तिथल्या प्रत्येक मशीनची दिवसभराची नोंद मजकुराच्या फाइलमध्ये यायची : वेळ, मशीन, भागाचा क्रमांक, माल पास की बाद, आणि बाद असेल तर कारण. सुपरवायझर रोज सकाळी त्या फाइल एक्सेलमध्ये उघडायचे आणि कोणत्या कारणानं किती माल बाद झाला ते मोजायचे. शिफ्टच्या सुरुवातीचा कामाचा वेळ त्यातच जायचा. मी त्यांच्याशेजारी कागद घेऊन बसलो आणि म्हटलं, ‘दादा, तुम्ही काय काय करता ते मला एकेक करून सांगा.’

ते सांगत गेले. आधी बाद मालाच्या ओळी शोधतो. मग फक्त कारणाचा रकाना पाहतो. मग सारखी कारणं एकत्र आणतो. मग प्रत्येक कारण किती वेळा आलं ते मोजतो. मग सर्वांत मोठा आकडा वर घेतो. कागदावर पाच ओळी झाल्या, आणि त्या पाच ओळींना पाच कमांड तयारच होत्या. ओळी शोधायला ‘ग्रेप’, रकाना वेगळा काढायला ‘कट’, एकत्र आणायला ‘सॉर्ट’, मोजायला ‘युनिक’ला जोडलेला ‘डॅश सी’, आणि शेवटी आकड्यांप्रमाणे उलटा ‘सॉर्ट’. मध्ये फक्त | ही उभी रेघ, म्हणजे पाइप. एकीचं उत्तर दुसरीच्या हातात देणारी.

इथे एक बारकावा त्या सुपरवायझरमुळेच मला नीट उमगला. ‘युनिक’ फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी ओळखते. ‘बर’, म्हणजे धातूच्या कडेला उरलेला कंगोरा, या कारणाची एक नोंद वर आणि दुसरी खूप खाली असेल, तर ती दोन वेगळी कारणं म्हणून मोजली जातील. म्हणून मोजण्याआधी ‘सॉर्ट’ लागतंच. मी हे सांगायच्या आधीच ते म्हणाले, ‘एकत्र आणल्याशिवाय मोजायचं नसतं, नाहीतर चुकतं.’ त्यांना एकही कमांड येत नव्हती, पण क्रम पाठ होता. पडद्यावर क्षणात यादी आली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘म्हणजे मी रोज हेच करत होतो, हातानं.’

त्या दिवसापासून मी कमांड पाठ करणं सोडलं आणि माणसांना त्यांचं काम विचारायला लागलो. पाइपमागचा विचारही काम असं पायऱ्यांत मोडण्याचाच आहे. बेल लॅब्सच्या डग मॅकिलरॉय यांनी प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत ही कल्पना १९६४मध्येच मांडली होती. ती १९७३मध्ये थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये आणली. प्रत्येक हत्यारानं एकच काम करावं आणि ते चोख करावं. मोठं काम हे लहान कामांच्या साखळीतून व्हावं. कारखान्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याची असेंब्ली लाइन तशीच चालते.

ती साखळी मी एका फाइलमध्ये ठेवली. पहिल्या ओळीत #! ही खूण आणि बॅशचा पूर्ण पत्ता, मग पाच कमांड. ‘सीएचमॉड’नं फाइलला चालण्याची परवानगी दिली. ही माझी उपयोगाला आलेली पहिली स्क्रिप्ट. प्रत्येक टप्प्याच्या वर # लावून मराठीत एक ओळ लिहिली : ‘बाद मालाच्या ओळी घ्या’, ‘कारणाचा रकाना काढा’. # नंतरचं बॅश वाचतच नाही, ते माणसांसाठी असतं. पुढे त्या सुपरवायझरांची बदली झाली, तेव्हा नव्या माणसाला काम समजून घ्यायला ती फाइल पुरली. एरवी माणूस गेला की त्याच्या डोक्यातलं कामही त्याच्याबरोबर जातं. मराठीत टिपा लिहायची सवय मी तेव्हापासून मोडलेली नाही, आणि कुणी ‘इंग्रजीत का नाही?’ विचारलं तर सांगतो, ज्यानं वाचायचं त्याला कळेल त्या भाषेत.

लिहून ठेवलेली कमांड जितकी उपयोगी, तितकीच धोक्याची. एका ठिकाणी बाहेरच्या कंत्राटदारानं लिहिलेली जुने लॉग पुसणारी स्क्रिप्ट चालायची. पुसायच्या फोल्डरचं नाव दुसऱ्या एका फाइलमधून व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत ठेवायच्या नावाच्या डबीत, यायचं, आणि पुढे /* जोडलेलं. कुणीतरी ती नावाची फाइल हलवली. व्हेरिएबल रिकामं राहिलं, उरलं फक्त /*, म्हणजे सर्व्हरच्या मुळापासूनचं सगळं. शेलनं काहीही विचारलं नाही. सांगितलं तसं पुसायला लागलं. रात्रीचा बॅकअप शाबूत होता म्हणून पुढचं निभावलं.

तेव्हापासून आमच्या गटात काही नियम पक्के झाले. पुसणाऱ्या कमांडच्या आधी ‘इको’ लिहायचं. मग शेल ती कमांड चालवत नाही, काय चालवणार होतं तेवढं छापून दाखवतं. ते डोळ्यांनी वाचायचं, मगच ‘इको’ काढायचं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट डॅश यू’ लिहायचं, म्हणजे ज्याला किंमतच दिलेली नाही असं व्हेरिएबल वापरलं तर स्क्रिप्ट जागीच थांबते. आणि व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं द्यायची. आपल्याकडे फाइलला ‘जून अहवाल’ असं मोकळी जागा सोडून नाव द्यायची पद्धत आहे. अवतरणचिन्हं नसतील तर शेलला त्या ‘जून’ आणि ‘अहवाल’ अशा दोन फाइल दिसतात. करण्याआधी पाहायचं, हा ‘इको’चा धडा मी घरच्या व्यवहारातही वापरतो. पैसे पाठवण्याआधी, कागदावर सही करण्याआधी, एकदा मोठ्यानं वाचायचं.

भारनियमनाच्या वर्षांनी आणखी एक गोष्ट शिकवली. ठरल्या वेळी कामं चालवणारा ‘क्रॉन’ रात्री बॅकअपची स्क्रिप्ट चालवायचा. क्रॉनच्या ओळीत आधी पाच रकाने असतात : मिनिट, तास, महिन्यातला दिवस, महिना, वार. पुढे काय चालवायचं ते. एका युनिटमध्ये सकाळी बॅकअपची फाइल जागेवर दिसायची आणि सगळे निश्चिंत व्हायचे. पण मध्येच वीज गेलेली असली की ती फाइल अर्धवट असायची. नाव बरोबर, तारीख बरोबर, आत अर्धाच माल. फाइल आहे म्हणजे काम झालं, असं धरता येत नाही.

त्यावर उपाय शेलमध्येच होता. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे अडलं. $? विचारलं की तो आकडा मिळतो. आम्ही बॅकअप आधी तात्पुरत्या नावानं लिहायला लागलो. आकडा शून्य आला तरच ‘एमव्ही’नं त्याला खरं नाव द्यायचं. एकाच डिस्कच्या भागात नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धं राहत नाही. त्यामुळे खऱ्या नावाची फाइल दिसली की ती पूर्णच असणार. आणि महिन्यातून एकदा बॅकअप उघडून, दुसऱ्या मशीनवर चढवून पाहायचा. ज्यातून काही परत काढून पाहिलेलं नाही, त्या बॅकअपवर विसंबू नये.

क्रॉननंच पूर्ण पत्त्याचं मोल पटवलं. हातानं चालवलेली स्क्रिप्ट चालते आणि तीच क्रॉनमध्ये चालत नाही, ही तक्रार प्रत्येक शिकणाऱ्याची एकदा तरी येते. कारण क्रॉन आपल्या फोल्डरमध्ये उभा नसतो आणि कमांड शोधायच्या त्याच्या जागाही मोजक्या असतात. ‘इथून पुढे’ म्हटलेलं त्याला कळत नाही. महाकोटापासूनच सांगावं लागतं.

नोकरीबाहेर मला सर्वांत समाधान दिलं ते एका जुन्या वाचनालयाच्या पुस्तकयादीनं. यादी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. फॉन्ट असलेल्या मशीनवर मराठी दिसायची, दुसरीकडे निरर्थक इंग्रजी अक्षरं. पुन्हा टाइप करायची कुणाची तयारी नव्हती. ‘सेड’ ही मजकुरातली अदलाबदल करणारी कमांड घेऊन मी कोणत्या अक्षरासाठी कोणतं चिन्ह वापरलंय याचा तक्ता करत गेलो. पहिल्या वेलांटीनं सर्वांत जास्त घाम काढला. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी, व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर येते, कारण उच्चार तसा आहे. म्हणजे नुसती अदलाबदल पुरत नाही, वेलांटी उचलून पुढे ठेवावी लागते, आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे. नियमांचा क्रमही महत्त्वाचा. लांब जुळण्या आधी, एकेरी अक्षरं नंतर. वाचनालयातले ज्येष्ठ ग्रंथपाल एकेक पान तपासून खुणा करून द्यायचे, मी नियम दुरुस्त करायचो. शेवटी यादीत लेखकाचं नाव टाकून ‘ग्रेप’ मारता आलं तेव्हा आम्हा दोघांनाही फार आनंद झाला.

त्याच कामात मी मराठी मजकूर संगणकाच्या आत कसा असतो ते शिकलो. ‘दौलताबाद’ हा शब्द ‘डब्ल्यूसी’ला दिला आणि अक्षरचिन्हं मोजायला सांगितली तर ८ येतात : द, औची मात्रा, ल, त, काना, ब, काना, द. बाइट मोजायला सांगितले तर २४. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये आखली. युनिक्स घडवणाऱ्याच माणसाच्या आखणीत, पुढे आपली लिपी त्या काळ्या पडद्यावर उमटायची सोय झाली, हे मुलांना सांगताना मला दर वेळी भरून येतं.

रविवारच्या वर्गात बहुतेक मुलं मराठी माध्यमातली. कारखान्यांनी काढून टाकलेले जुने संगणक आहेत. त्यांच्यावर चित्रांच्या खिडक्या नीट चालत नाहीत, पण लिनक्सची कमांड लाइन उत्तम चालते. ज्यांच्या घरी संगणक नाही, ती मुलं अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ घेऊन सराव करतात. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत, ते आम्ही थांबत-थांबत ऐकतो. इंग्रजीची भीती मी ओळखतो, कारण ती माझ्यातही होती. पण इथे रोज लागणारे शब्द वीस-पंचवीस. प्रत्येकाचा अर्थ एक आणि ठरलेला. उच्चार कसाही केला तरी यंत्र हसत नाही. प्रत्येक त्रुटी वहीत उतरवायची आणि खाली तिचा मराठी अर्थ लिहायचा, हा आमचा नेम. काही महिन्यांत ती वही मुलांची स्वतःची पुस्तिका होते.

वर्गातल्या एका मुलीच्या घरची सीताफळाची बाग आहे. हंगामात किती क्रेट गेले, कोणत्या भावानं, कुणाकडे किती बाकी, हे वडील पाठ ठेवायचे. तिनं फोनवर साधी मजकुराची फाइल सुरू केली, दिवसाला एक ओळ, आणि ‘ऑक’ या रकान्यांवर हिशेब करणाऱ्या कमांडनं बेरीज लावली. उत्तर शून्य आलं. तिनं आकडे देवनागरीत लिहिले होते आणि ‘ऑक’ त्यांना आकडे मानत नाही. मी काही सांगण्याआधी तिनं एकच ओळ देऊन पाहिली, मग एकच आकडा, मग तोच आकडा इंग्रजीत. कारण सापडलं. मग ‘सेड’नं दहाही अंक बदलून पुढे ‘ऑक’ला द्यायची साखळी तिनंच लिहिली. आकडे आजही देवनागरीतच लिहिले जातात, बेरीज बरोबर येते. अडलेलं काम लहान करत करत नेमकं कुठे अडलं ते शोधणं, हे तिला आलं. पुढे ती कुठल्याही क्षेत्रात गेली तरी हे तिच्यासोबत राहील.

एकदा एका मुलानं विचारलं, ‘सर, हे अजून कुठे चालतं का?’ मी त्याला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या ‘प्रत्युष’ या महासंगणकाबद्दल सांगितलं. तो जानेवारी २०१८मध्ये देशाला अर्पण झाला. पावसाच्या अंदाजाची आकडेमोड अशा यंत्रांवर होते, आणि ती लिनक्सवर चालतात. नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक यंत्र लिनक्सचंच आहे. तिथले शास्त्रज्ञही आपलं काम शेल स्क्रिप्टमध्ये लिहून यंत्राच्या रांगेत लावतात. ज्या पावसाची मराठवाडा वाट पाहतो, त्याच्या अंदाजामागेही ‘सीडी’ आणि ‘सीपी’ आहेत, हे ऐकल्यावर त्या मुलानं पुढचा पाठ स्वतःहून उघडला.

शिकू पाहणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. कमांडच्या याद्या पाठ करत बसू नका. रोज करावं लागणारं, कंटाळा आणणारं एक काम निवडा. दुकानाचा हिशेब असेल, शाळेची हजेरी असेल, शेताची नोंद असेल. ते कसं करता ते कागदावर मराठीत, एका ओळीत एक पायरी, असं लिहा. मग एकेका पायरीसाठी एकेक कमांड शोधा, ‘मॅन’ लिहून तिची माहिती सावकाश वाचा, आणि पुसण्याच्या कुठल्याही कमांडआधी ‘इको’ लावा. तुमच्याकडे जुना संगणक किंवा साधा अँड्रॉइड फोन असेल तर लागणारं सगळं फुकट उपलब्ध आहे. आजच सुरुवात करा, आणि आलं की शेजारच्या मुलाला शिकवा.